पुढचा एक्सल अजून दुरुस्त व्हायचा आहे

मुक्काम आक-जार,
लोकर कातरायचे दिवस

तीर्थरूप ओरोझबाय दाजींना धाकटा मेहुणा बेइशेन याचा उजवा हात छातीवर ठेवून सलाम.

तुमची तब्येत कशी आहे? कंबर काय म्हणते? माणसं, मेंढरं, घोडे सगळे सुखरूप आहेत ना? (घोडे म्हणजे जे कोणी दावणीला उरले असतील ते. घोड्यांबद्दल मी याच्यापुढे एक अक्षरही लिहिणार नाही, असं मी तुर्सुनला, म्हणजे माझ्या बायकोला, कबूल केलं आहे. ती म्हणाली, "मोठे आहेत ते, टोमणे मारू नका." आता दाजींना टोमणे मारायचे नाहीत तर मेहुणा होऊन उपयोग काय, पण ते असो.) इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. तुर्सुनचा खोकला गेला. धाकटीला शाळेत बक्षीस मिळालं, कशाबद्दल ते तिलाही नीट सांगता येत नाही. अक्काची तब्येत उत्तम आहे. वेळेवर जेवते, वेळेवर झोपते, आमच्या स्वयंपाकघरातली भांडी रोज नव्या जागी लावते, आणि ती पाठमोरी झाली की तुर्सुन ती परत जुन्या जागी लावते. अंगणात हापसा असताना रोज सकाळी बादल्या घेऊन नदीवर पाण्याला जाते. म्हणते, नदीच्या पाण्याचा चहा बरा लागतो. आम्हाला फरक कळत नाही. तब्येत बरी नाही ती फक्त तुमच्या जीपची, आणि हे पत्र तिच्यासाठीच लिहितो आहे.

जीप इकडे कशी आली ते तुम्हाला तुमच्या फाटकापर्यंत ठाऊक आहे. फाटकापुढची हकिकत माझ्याकडे आहे. पण आधी फाटकाच्या आतलं, जसं मला कळलं तसं. तुमच्याकडे तुमचा फौजेतला मित्र साबीर पाहुणा म्हणून आला, बोकड कापला, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा कुमिस झाला, आणि पाहुणा अंगणात येऊन अक्काच्या तांबड्या घोडीकडे बघून म्हणाला, "काय घोडी आहे." पाहुण्यानं एखादी वस्तू वाखाणली की ती त्याला द्यायची, ही आपली रीत मला कोणी शिकवायला नको. पण ती वस्तू आपली असावी लागते, दाजी. ती घोडी आमच्या वडिलांनी अक्काच्या लग्नात दिलेल्या घोडीची नात. तुम्ही म्हणालात, "घे, तुझी झाली," आणि अक्का चहाचे कप घेऊन बाहेर आली तेव्हा दोरी साबीरच्या हातात होती. तिनं कप खाली ठेवले, घरात गेली, खिळ्यावरची जीपची किल्ली घेतली आणि निघाली. आम्हाला दारात एवढंच म्हणाली, "त्यांनी माझं वाहन दिलं, मी त्यांचं आणलं. फिटंफाट." (घोडीबद्दल जे लिहून झालं ते झालं. तुर्सुनला दाखवताना एवढा भाग मी अंगठ्याखाली झाकणार आहे.)

फिटंफाट म्हणाली खरी, पण जीप फिटंफाट नव्हती. खिंड उतरून अक्का नदीवर पोचली ती भर दुपारी. वर बर्फ वितळत असतो तेव्हा दुपारी त्या नदीचा चेहराच बदलतो, हे तुम्हाला माहीत आहे. पाणी गढूळ, तळ दिसत नाही. घोडीवर असती तर घोडीनं खुरानं चाचपून पाय टाकला असता. जीप काही चाचपत नाही. तिला ज्या बाजूला वळवाल त्या बाजूला ती भाबडेपणानं जाते. पुढचं डावं चाक मोठ्या दगडावर आदळलं. अक्का कोलखोजच्या, सामुदायिक शेतीच्या काळात दुधाची गाडी चालवायची, दुसरी कोणी असती तर तिथेच राहिली असती. ती जीप घेऊन बाहेर आली आणि आमच्या दारापर्यंत आली, पण खेकडा येतो तशी, तिरकी. सरळ यायला तिला सगळी वाट स्टिअरिंग उजवीकडे ओढून धरावं लागलं.

आता मुख्य गोष्ट सांगतो, म्हणजे हा एक्सल का महत्त्वाचा ते तुमच्या लक्षात येईल. आल्याच्या दुसऱ्या दिवशी अक्कानं जाहीर केलं की नारीनमध्ये नमद्याचे गालिचे करायचा एक कारखाना निघाला आहे, तिथे तिची जुनी मैत्रीण आहे, तिनं काम आणि खोली दोन्ही देऊ केलं आहे. म्हणाली, जीप नीट झाली की मी नारीनला जाणार. घरी नाही, नारीनला. तुर्सुननं भीत भीत विचारलं, "आणि दाजी?" अक्का म्हणाली, "त्यांना माझी आठवण आली तर कोणी पाहुणा बोलवतील, करमेल." तिचं बोचकं बांधलेलं आहे आणि ते दाराजवळ ठेवलेलं आहे. मी रोज त्याला अडखळतो. तेव्हा जीप दुरुस्त होणं म्हणजे काय, ते समजून घ्या.

तपासणीला सगळी गल्ली जमली. त्यात तीन जाणकार. एक शारशेन, जो पूर्वी ट्रॅक्टर स्टेशनात वेल्डर होता. आता वेल्डिंगच्या कांड्या मिळत नाहीत, त्यामुळे तो फक्त मत देतो, आणि ते पूर्वीच्या वेल्डिंगपेक्षा जास्त टिकतं. दुसरे मुकाश आबा, गल्लीतले सगळ्यात वडील. त्यांनी जीपच्या दिव्यांत बराच वेळ डोळे घालून पाहिलं आणि विचारलं, "हिनं काय खाल्लं होतं?" तिसरा मी. मी जनावरांचा डॉक्टर आहे. आयुष्यभर लंगडे पाय पाहिले आहेत, त्यामुळे जीपलाही माझी तीच पद्धत लावली. लंगडा घोडा उभा असताना पाहायचा नसतो, चालताना पाहायचा असतो. (हा सर्वसाधारण घोडा आहे, तो मोजू नका.) मी अक्काला जीप पुढे-मागे चालवायला लावली, खाली बसून चारही पाय पाहिले, मग प्रत्येक चाकाच्या मधोमध तळवा ठेवला. तीन गार, पुढचं डावं तापलेलं. मी म्हणालो, "इथे दाह आहे." शारशेन म्हणाला, "दाह नाही, बेअरिंग आहे." आम्ही दोघंही बरोबर होतो, आणि ते दोघांनाही आवडलं नाही.

पहिला गुन्हेगार मात्र वाकून बघताच सापडला. दोन्ही पुढच्या चाकांना जोडणारा जो आडवा दांडा असतो, टायरॉड, तो मध्यभागी चांगलाच वाकला होता. शारशेनला आनंद झाला. वाकलेली वस्तू त्याला समजते. आम्ही दांडा काढला, शेणीच्या जाळावर लाल केला, दगडावर ठेवून ठोकला, आबांनी एक डोळा मिटून त्यातून आरपार पाहिलं आणि "सरळ" म्हणून निकाल दिला. (ते ज्या बाजूनं पाहत होते तिथून नुसता दांड्याचा शेवट दिसतो, पण वयाचा मान ठेवावा लागतो.) दांडा बसवला. शारशेन स्वतः स्टिअरिंगवर बसला. जीप निघाली आणि डौलानं डावीकडे वळत आबांच्या गवताच्या गंजीत शिरली. आबा म्हणाले, "भूक तरी शाबूत आहे."

मग चाक वर उचलायचं ठरलं. जॅक जमिनीत रुतायला लागला म्हणून खाली माझ्या दवाखान्याच्या दाराची फळी घातली. शारशेननं चाक वर आणि खाली असं दोन्ही हातांनी धरून हलवलं. टक्‌ टक्‌ असा आवाज आला. चाक जिथे वळतं तो सांधा, मी त्याला गुडघा म्हणतो, तिथली खीळ आपल्या खोबणीत सैल झाली होती. शारशेन तिला किंगपिन म्हणतो आणि म्हणताना जरा ताठ उभा राहतो. गुडघा उघडला. आत लोकर दाबून केलेल्या नमद्याची एक कडी असते, पाणी आत आणि तेल बाहेर जाऊ नये म्हणून. ती फाटली होती, नदी आत शिरली होती, आणि तेल कुमिससारखं पांढरंफेक झालं होतं. आबांनी बोट बुडवलंसुद्धा, मी वेळेवर हात धरला. किंगपिनला नवीन पितळी अस्तर पाहिजे, असं शारशेन म्हणाला. पितळ आणायचं कुठून? मी मोठ्या मनानं आमचा माळ्यावरचा, चहाचं पाणी उकळायचा मोडका समोवार दिला. तो मोडका नव्हता, तुर्सुनच्या आईचा होता, ही गोष्ट मला शारशेननं त्याचे तुकडे केल्यानंतर कळली. त्याबद्दल आमच्या घरात काय झालं ते इथे लिहीत नाही, पण आपली रीत फक्त तुमच्याकडेच चुकते असा माझा गैरसमज त्या दिवशी गेला.

अस्तर बसलं, खीळ घट्ट झाली. अक्कानं नवा नमदा कापून, तेलात भिजवून, कडी स्वतःच्या हातानं करून दिली, इतकी नेमकी की शारशेनला मत द्यायला जागा उरली नाही. आता ग्रीस. ग्रीस गावात नाही, नारीनमध्ये असलं तर असेल. तेव्हा शारशेन म्हणाला, "शेपटीची चरबी आहे की." दाजी, आपण मेंढीच्या शेपटीची चरबी मुलांच्या छातीला चोळतो, बुटांना लावतो, बंदुकीला लावतो, पाहुण्याच्या तोंडात भरवतो. त्यामुळे ती एक्सलला का चालणार नाही, असं कोणाच्याच मनात आलं नाही. सगळ्यांना उलट वाटलं की एवढी सोपी गोष्ट त्या जीप बनवणाऱ्यांना कशी सुचली नाही. सांधा गच्च भरला. सकाळी उठून पाहतो तर गल्लीतली यच्चयावत कुत्री जीपखाली. उन्हानं चरबी पातळ होऊन ओघळली होती. कुत्र्यांनी सांधा चाटूनपुसून लख्ख केला होता, आणि नमद्याची कडी मुळासकट खाल्ली होती. आबांचा म्हातारा कुत्रा तर स्प्रिंगच्या पाट्यांच्या आणि चाकाच्या मध्ये अडकला होता आणि तशातही चाटत होता. त्याला बाहेर काढायला परत जॅक लावावा लागला.

नवी कडी झाली. (अक्कानं न बोलता कापली. न बोलता म्हणजे कसं ते तुम्हाला माहीत आहे.) माझ्या दवाखान्यातलं व्हॅसलिन आणि शारशेनकडचं जुनं ट्रॅक्टरचं तेल मिसळून मलम केलं. बेअरिंग धुऊन आवळली. चाक गार राहू लागलं, हलेनासं झालं, टक्‌ टक्‌ थांबली. आणि जीप तशीच डावीकडे. टायरॉड सरळ, खीळ घट्ट, बेअरिंग ठीक, तरी डावीकडे. शारशेन म्हणाला, एक्सलच वाकला असेल, मग काही इलाज नाही. आबा म्हणाले, जुन्या गाड्यांना एकेका बाजूची ओढ लागते, माणसांना लागते तशी. त्या दिवशी सगळे लवकर घरी जायला निघाले.

अक्का तोवर पायरीवर बसून लोकर पिंजत होती. ती उठली, खुंटीवरची घोड्याची दोरी आणली (दोरी म्हणजे घोडा नव्हे), उजव्या बाजूला मागच्या चाकाच्या मध्यापासून पुढच्या चाकाच्या मध्यापर्यंत ताणली आणि गाठ मारली. मग तीच दोरी डाव्या बाजूला धरली. गाठ चाकाच्या मध्याच्या पुढे गेली, चांगली दोन बोटं. ती म्हणाली, "पाय वाकडा नाहीच. पाय जागेवरून मागे सरकलाय. तुम्ही सगळे वाकलेलं शोधत बसलात." जीपखाली गेली, डाव्या पाट्यांच्या मधोमध बोट घातलं आणि एक तुटलेला बोल्ट बाहेर काढला. माझ्या करंगळीएवढा. पाट्यांच्या थरात मधोमध असतो, बाहेरून फक्त त्याचं डोकं दिसतं, तेही चिखलात. तो तुटला, म्हणून एक्सल डाव्या बाजूनं मागे सरकला होता, आणि आम्ही ज्याला जे दिसलं ते सरळ करत बसलो होतो.

तो बोल्ट मी हातात घेऊन पाहिला. शारशेननं समजावलं, हा वजन पेलत नाही. वजन पाटे पेलतात, बाहेरचे जाड बोल्ट आवळून धरतात. हा फक्त एवढंच करतो की जे जिथे आहे ते तिथे राहावं. तो आहे हे कोणाला माहीतही नसतं. (याचा आणखी काही अर्थ काढू नका. मी जनावरांचा डॉक्टर आहे, मला अर्थ काढता येत नाहीत.) मी म्हणालो, दगड फार जोरात लागला असेल. अक्का म्हणाली, "दगडानं नाही तुटला. इथे बघ, निम्मा गंज जुना आहे. कधीचा झिजत आला होता. दगडाचं निमित्त झालं." मग ती बराच वेळ तो बोल्ट पदराला पुसत राहिली. मी विचारलं नव्हतं, तरी मधेच म्हणाली, "मला विचारलं असतं ना, बेइशेन, तर मीच दोरी सोडून त्याच्या हातात दिली असती. पाहुणा होता तो. मला नुसतं विचारायचं होतं." मी आयुष्यात खूप लंगडे पाय पाहिले, दाजी, पण कुठे दुखतं ते जनावर असं सांगत नाही. मी म्हणालो, चहा टाकू का. ती म्हणाली, टाक.

तर एक्सलची सध्याची परिस्थिती अशी आहे. बोल्ट नवीन पाहिजे आणि तो इकडे मिळत नाही. शिवाय रोज काही ना काही नवीन निघतं. परवा आबांना उजव्या चाकातून एक बारीक आवाज ऐकू आला. (त्यांना बाकी काही ऐकू येत नाही.) काल शारशेननं चाकं काढून भिंतीला टेकवून ठेवली, म्हणाला, एक्सलला थोडी विश्रांती हवी. शेजारची बाई, जिनं जन्मात कधी गाडीला हात लावला नाही, तीही जाता जाता म्हणून गेली की रंग मला बरा दिसत नाही. अशा स्थितीत जीप कधी निघेल हे कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. बोचकं दाराजवळच आहे. तुमच्याकडे पूर्वीचे काही बोल्ट आणि ग्रीसचा डबा असेल तर बघा. खिंडीतून पाठवायला कोणी नाही, मिठाचा ट्रक लांबच्या पुलावरून येतो, त्याच्याबरोबर हे पत्र देतो आहे.

मोठ्यांना सलाम, लहानांच्या कपाळाची पापी, आणि तुम्हाला जे योग्य वाटेल ते.

तुमचा, समोवार नसलेला,
बेइशेन

ता. क. बोल्ट आणि ग्रीस ट्रकवाल्याबरोबर पाठवू नका. तो वाटेत सामान हरवतो. स्वतः घेऊन या.

ता. क. २. तुर्सुननं पत्र वाचलं. अंगठा फार वेळ एका जागी ठेवता येत नाही, त्यामुळे घोडी तिनं वाचलीच. पण तिला राग दुसऱ्याच गोष्टीचा आला. ती म्हणाली, "इतकी पानं लिहिलीत आणि एकही खरं वाक्य शेवटपर्यंत आलं नाही." तेव्हा खरं लिहितो. बोल्ट शारशेननं जुन्या कुळवाच्या दातातून केव्हाच घडवला. एक्सल जागेवर आहे, दोरीची गाठ दोन्हीकडे सारखी येते, आणि जीप इतकी सरळ जाते की स्टिअरिंग सोडून आबा तपकीर ओढू शकतात, त्यांनी ओढून दाखवली. पण जीप ठीक झाली असं म्हटलं की अक्का नारीनला जाणार. म्हणून गल्लीनं ठरवलं की ती ठीक झालेली नाही. कोणी बैठक घेतली नाही, आपोआपच ठरलं. आबांचा आवाज, शारशेनची विश्रांती, शेजारणीचा रंग, सगळं त्यातलं. मिठाच्या ट्रकवाल्याच्या शेजारची जागा रिकामी असते आणि अक्कानं विचारलं की तो म्हणतो, जागा नाही. मीसुद्धा टायरॉडची पिन काढून माझ्या कोटाच्या खिशात ठेवली होती. परवा अक्कानं तो कोट धुवायला घेतला. तुर्सुन खिडकीतून बघत होती. अक्काला खिशात पिन सापडली. तिनं ती उजेडात धरून पाहिली. ती पिन कशाची हे तिच्याइतकं गावात कोणाला कळत नाही. तिनं ती कोरडी पुसली, कोट वाळत घातला, आणि पिन परत त्याच खिशात ठेवली. संध्याकाळी जेवताना मला म्हणाली, "जीपचं काय म्हणतो शारशेन?" मी म्हणालो, अजून वेळ लागेल. ती म्हणाली, "लागू दे. घाईनं केलेलं काम टिकत नाही." आता तुम्हीच काय ते समजा. पण फार दिवस समजत बसू नका. गवताचे दिवस आले की शारशेनला काम लागेल, आबांचं वय झालं आहे, आणि एकट्यानं मला ही जीप मोडकी ठेवता येणार नाही.

ता. क. ३. ट्रकवाला आता चहाला थांबला आहे, म्हणून घाईत. तो साबीरच्या गावाहून, कोचकोरहून येतो आणि साबीरला ओळखतो. म्हणाला, साबीरकडे तबेला नाही, त्यानं घोडी आपल्या दुकानामागे बांधली आहे. ती शेजाऱ्यांचं वाळत घातलेलं खाते आणि साबीरला जवळ येऊ देत नाही. बिचाऱ्यानं ती नुसती सभ्यपणानं वाखाणली होती. घेतली नाही तर तुमचा अपमान, परत पाठवली तर त्याहून मोठा अपमान, म्हणून तो तिला सफरचंदं चारत बसला आहे. दाजी, दिलेली वस्तू परत मागता येत नाही, हे खरं. पण तुम्ही कोचकोरला जायला कोणाची बंदी आहे? जा, पाहुणे म्हणून जा. भाकरी मोडा, चहा प्या, त्याच्या मुलांची चौकशी करा. मग सहज उठून दुकानामागे जा आणि जरा मोठ्यानं म्हणा, "काय घोडी आहे." पुढचं काम रीत करेल. मला वाटतं तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत साबीर दोरी तुमच्या हातात देईल. आणि हो, देताना त्यानं बायकोला विचारलं आहे का, तेवढं बघून घ्या.

ता. क. ४. (हे अक्षर बेइशेनचं नाही. तो पाकीट शोधायला आत गेला आहे. त्याला पाकीट कधी सापडत नाही.)

जीपच्या मालकांस,

पत्र वाचलं. एक्सल मी रोज बघते, तो ठीक आहे. एक्सल बघायला म्हणून येऊ नका. कोचकोरला जायचं असेल तर जा, घोडी मिळाली नाही तरी चालेल. कमरेला लोकरीचा पट्टा बांधा, तो पेटीत डाव्या हाताला आहे, तुम्ही उजवीकडे शोधाल. नदीवर घोडी बरोबर असली तर लगाम सैल सोडा, तिला वाट माहीत आहे. नसली तर मोठ्या दगडाच्या वरच्या अंगानं या. मी खालच्या अंगानं आले, तिथेच चुकलं. दुपारी पाणी चढतं, म्हणून सकाळी या. सकाळी मी नदीवरच असते.